स्वयंपाकघरातला डावा आरसा

ज्या माणसाने एकतीस वर्षं लोकांना ‘डावीकडे पाहिलं नाही’ एवढ्या एका कारणावरून नापास केलं, त्याच्याच जगातून एके सकाळी डावी बाजू नाहीशी व्हावी, याला योगायोग म्हणायचं की फेड, यावर सोसायटीत दोन तट पडले होते. नापासकाका स्वतः तिसऱ्या तटात होते. त्यांचं म्हणणं, डावी बाजू कुठेही गेलेली नाही, लोकांनाच हल्ली नीट समोर उभं राहता येत नाही.

नापासकाका हे नाव लोकांनी त्यांना पाठीमागे दिलं होतं आणि त्यांनी ते पदक मिळाल्यासारखं मिरवलं होतं. वाहन परवान्याच्या कचेरीत ते परीक्षक होते. उमेदवाराच्या डावीकडच्या सीटवर बसायचं, मांडीवर पाटी, पाटीवर कागद, आणि चेहरा असा की गाडी सुरू व्हायच्या आधीच उमेदवाराला घाम सुटावा. आरसा पाहिला का? पाहिला. मान वळवून खांद्यावरून पाहिलं का? नाही. आरशात न दिसणारी जागा असते, तिथे माणूस असू शकतो. नापास. एकोणीस वर्षांपूर्वी पोटच्या मुलीलाही याच कारणावरून घरी पाठवलं होतं. ‘स्वतःच्या लेकीलाही सोडलं नाही’ हे त्यांचं आवडतं वाक्य. ते बहुतेक वेळा लेकीच्या समोरच म्हटलं जाई. लेकीने पुन्हा परीक्षा दिली नाही. ती अजून बसने फिरते.

तर तीन महिन्यांपूर्वी काकांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, वाकडं झालेलं तोंड जागेवर आलं, डावा हात मात्र पट्ट्यात गळ्याशी लटकत राहिला. खरी भानगड हाताची नव्हती. हॉस्पिटलातून घरी यायला लागलेल्या थेरपिस्ट बाईंनी ती समजावून सांगितली होती. “काका, तुमचे डोळे ठणठणीत आहेत. मेंदू डावीकडची हजेरीच घेत नाही, एवढंच.” काका अर्धीच दाढी करून बाहेर येत आणि चांगली झाली म्हणत. ताटातला उजवीकडचा भात संपवून, आजारी माणसाला उपाशी ठेवतात अशी तक्रार करत. लेक मग ताट अर्धं फिरवी. “हे घ्या, वाढलं,” असं म्हणे, आणि काका “आत्ता कशी शहाणी झालीस” म्हणत उरलेला भात खात.

लेक दुसऱ्या गावी नोकरी करायची. तिची रजा महिनाअखेरीस संपत होती. ती एका संध्याकाळी म्हणाली, “बाबा, माझ्याकडे चला. हे घर बंद करू.”

काकी जाऊन चार वर्षं झाली होती. चार वर्षं काका स्वतःचं स्वतः शिजवून खात होते आणि या दोन खोल्यांचे राजे होते. लेकीच्या घरी जायचं म्हणजे तिच्या बैठकीत एक खाट टाकून, पाहुणे आले की झोपेचं सोंग घ्यायचं. पण घाबरलो असं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून ते म्हणाले, “कोण म्हणतं मला एकटं राहता येत नाही? परीक्षा घे माझी.”

लेक शेवटी त्यांचीच. तिने थेरपिस्ट बाईंना विचारलं, तर अशी परीक्षा खरोखरच निघाली. बाईंनी छापील कागद आणला. भात, बटाट्याची भाजी आणि एक कप चहा. दोन्ही बर्नर वापरायचे. वेळ पंचेचाळीस मिनिटं. चौदा मुद्दे, त्यांतले दहा जमले पाहिजेत. परीक्षक बोलणार नाही, हात लावणार नाही. इतर कोणी सुचवलं किंवा हात लावला तर परीक्षा रद्द, म्हणजे नापासच. आणि तळाशी ठळक अक्षरांत, उमेदवाराने ‘झालं’ म्हटल्यावर एखादाही बर्नर चालू असेल, तर मिळालेल्या गुणांचा विचार केला जाणार नाही.

नियम वाचून काकांना बाईंबद्दल प्रथमच आदर वाटला. आपल्या वेळी गाडी थांबवून हँडब्रेक न ओढणाऱ्याला आपणही असंच करत होतो, हे त्यांनी बाईंना सांगितलं.

“पास झालात तर इथे राहा,” लेक म्हणाली. “नापास झालात तर सामान बांधायचं. मंजूर?”

“मंजूर,” काका म्हणाले. परीक्षेला अठरा दिवस होते.

एका हाताचं म्हणाल, तर त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. बाईंनी लाकडाच्या पाटाला दोन खिळे ठोकून आणले होते. बटाटा खिळ्यांत खोचायचा की तो जागचा हलत नाही, मग सोला, चिरा, काय वाटेल ते करा. कढईच्या दांड्याने सुरुवातीला त्रास दिला. हलवायला गेलं की कढईच गोल फिरायची आणि भाजी जिथल्या तिथे. मग दांडा शेगडीच्या कडीला अडकवायचं त्यांनी शोधून काढलं. दुधाची पिशवी ड्रॉवरमध्ये चिमटायची, ड्रॉवर कमरेने दाबून धरायचा आणि कात्री चालवायची. बरणीचं झाकण असंच, फक्त बरणी मांड्यांत. एकदा बरणी मांड्यांत असताना दाराची बेल वाजली आणि काका तसेच दार उघडायला गेले, ते पाहून शेजारच्या वहिनी आल्या पावली परतल्या. तेवढं एक सोडलं तर सगळं सुरळीत होतं.

अडचण होती डाव्या बर्नरची. उजव्या बर्नरवर काका बल्लवाचार्य होते. डाव्यावर भांडं चढवायचं, बर्नर पेटवायचा, आणि उजवीकडे वळलं की तो बर्नर, ते भांडं आणि ओट्याचा तेवढा तुकडा जगातून वजा. पहिल्याच दिवशी दूध असं आटलं की पातेल्याच्या बुडाशी नुसता काळा थर राहिला. धूर जिन्यात गेला. तीन मजल्यांवरची माणसं खाली आली, आणि काका उजव्या बर्नरवरची भाजी परतत, “कोणाचं तरी काहीतरी करपतंय,” असं त्यांनाच सांगत होते.

बाईंनी ओट्याच्या डाव्या टोकाला लाल पट्टी चिकटवली. “काम बदललं की मान वळवायची, काका. लाल पट्टी दिसेपर्यंत वळवायची. ती दिसली म्हणजे सगळं दिसलं.”

काकांना हा उपाय अपमानास्पद वाटला. बालवाडीत शोभणारी पट्टी, आणि तीही कोणाला, ज्याने अर्ध्या शहराला वळायला शिकवलं त्याला. शिवाय उपाय इतका सोपा आणि फुकटचा, की त्याच्यावर विश्वास बसेना. माणसाने आपल्या विद्येवर भरोसा ठेवावा. डावीकडचं दिसत नसेल तर जगात एकच शास्त्रशुद्ध उपाय आहे. आरसा.

इथून पुढे जे झालं त्याला जबाबदार कोण, हे सोसायटीने अजून ठरवलेलं नाही.

खालच्या गॅरेजवाल्याला काकांनी चार वेळा नापास केलं होतं. पण माणूस दिलदार. त्याने आरसा विकत देणार नाही, भेट देणार म्हणून सांगितलं. “साध्या गाडीचा नको काका, तुम्हाला मोठाच बसवू.” मोठाच म्हणजे ट्रकचा. हातभर उंच, फुगीर, आणि वर लिहिलेलं की आरशातल्या वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ असतात. तो लोखंडी दांड्यासकट भिंतीत पक्का बसवायचा, म्हणजे भिंतीला चार भोकं पाडायची, आणि भिंतीला भोक पाडायचं म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी. त्यांनाही काकांनी एकदा नापास केलं होतं.

सेक्रेटरींनी अर्ज दिला. ‘भिंतीस भोक पाडणेबाबत’. काकांनी बसल्या बैठकीत भरून परत केला. सेक्रेटरींनी तो पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. कारण, कालावधी, भोकांची संख्या, सगळं उजवीकडचं टापटीप अक्षरात भरलेलं, आणि डावीकडचे नाव, घर क्रमांक, तारीख हे रकाने कोरे.

“अर्ज अपूर्ण आहे,” सेक्रेटरी म्हणाले.

हे दोन शब्द काका एकतीस वर्षं दुसऱ्यांना म्हणत आले होते. ऐकायला कसे लागतात ते त्यांना आजच कळलं. त्यांनी नवा अर्ज घेतला आणि आणखी काळजीपूर्वक भरला. तोही उजवा. तिसऱ्यांदा लेक म्हणाली, “आणा बाबा, मी भरते,” तर म्हणाले, “अर्जदाराने स्वहस्ते भरावा असं लिहिलंय.” ते मात्र उजवीकडेच लिहिलेलं होतं. शेवटी सहाव्या दिवशी सेक्रेटरींनीच डावीकडचे रकाने भरले आणि जाताना समजुतीच्या सुरात म्हणाले, “जाऊ द्या काका, एका हाताने टाळी वाजत नाही.” मग त्यांचं लक्ष काकांच्या गळ्यातल्या पट्ट्याकडे गेलं. त्यानंतर तीन दिवस ते काकांना बघून जिना चढण्याऐवजी लिफ्टची वाट बघत राहिले.

गॅरेजवाला ड्रिल घेऊन आला. काकांनी बोट ठेवलं, “इथे मार.”

“काका, इथे पाइप असेल.”

“सव्वीस वर्षं राहतोय मी या घरात. इथे कसला पाइप?”

नळ बोटापासून हातभर खाली, जरासा डावीकडे होता, आणि त्याचा पाइप बोटाखालूनच जात होता. पण डावीकडे होता, म्हणजे काकांच्या हिशोबी नव्हताच. गॅरेजवाल्याला तो स्पष्ट दिसत होता. पण या माणसाशी वाद घालून काय होतं हे तो चार वेळा शिकला होता. त्याने मुकाट्याने ड्रिल लावलं.

पाणी प्रथम गॅरेजवाल्याच्या तोंडावर आलं, मग छतावर, मग काकांवर. आठव्या मिनिटाला खालच्या मजल्यावरच्या बैठकीत पाऊस सुरू झाला. कोणीतरी धावत जाऊन टाकी बंद केली. ती सोसायटीची एकुलती एक टाकी असल्याने प्लंबर येईपर्यंत दीड दिवस कोणाच्याच घरात पाणी नव्हतं. तीस कुटुंबं बादल्या घेऊन जिन्यात बसली, आणि रिकामी माणसं जमली की सल्ले आपोआप फुटतात. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, डाव्या मनगटाला छोटी घंटी बांधा, वाजली की लक्ष जाईल.” तो हात हलतच नाही, मग घंटी वाजणार कशी, हा विचार त्यांनी काकांवर सोडला. कोणी म्हणालं सगळं कच्चंच खा. कोणी म्हणालं शेगडीच उजवीकडे सरकवा. उंटावरून शेळ्या हाकणारे तर शेळ्या बघायलाही थांबेनात. काका ओल्या पायजम्यात खुर्चीवर बसून सगळ्यांना, “बघतो,” म्हणत होते. आतून मात्र ते दिवस मोजत होते. बारा गेले, सहा राहिले.

लेक फडक्याने फरशी पुसत होती. तिने आतापर्यंत आरशाबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. पिळता पिळता म्हणाली, “बाबा, सहा दिवस सराव करून काय होणार आहे? चला ना माझ्याबरोबर. मला तिकडे झोप लागणार नाही, हे दूध, हा धूर आठवून.”

“तू तर स्वयंपाकघरात फिरकतही नाहीस,” काका तडकले. “बाप एकटा झगडतोय. जळला की बुडाला, ते बघायला तरी येत जा.”

“मी इथेच असते, बाबा.”

“कुठे इथेच? मला तर कधी दिसत नाहीस.”

ती फडकं बादलीत टाकून उठली. काकांना वाटलं, जिंकलो.

आरसा अखेर शेगडीच्या उजव्या अंगाला बसला, असा तिरका, की डावा बर्नर त्यात दिसावा. आणि दिसला. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन महिन्यांनी डावी बाजू घरी परत आली होती, तीही पुसून चकचकीत केलेल्या काचेत. त्या आनंदात त्यांनी आरशात दिसणारं मीठ घ्यायला हात घातला आणि बोटं काचेवर आपटली. पुन्हा घातला, पुन्हा आपटली. मीठ समोर दिसतंय, पण हाताला लागत नाही. काकांनी मिठाला खास कचेरीतल्या शिव्या दिल्या. बाई म्हणाल्या, “याच्यासाठीच मी आरसा सुचवला नव्हता, काका. मान वळवायची सवय करा.” काकांनी त्यावर मीठ उचलून उजवीकडे ठेवलं आणि प्रश्न मिटला असं जाहीर केलं.

आणि खरंच मिटल्यासारखा दिसत होता. पाच दिवस त्यांनी रोज दोनदा सराव केला. डाव्या बर्नरवर भाजी, उजव्यावर भात, दर दोन मिनिटांनी आरसा. भाजी झाली की डावा बंद, भात उतरला की उजव्यावर चहा. शेवटच्या सरावात एकोणचाळीस मिनिटं लागली. सगळी सोसायटी ती भाजी खाऊन कंटाळली होती.

परीक्षेच्या दिवशी काकांनी पूर्ण दाढी केली. डावा गाल लेकीने केला, पण त्याला मदत म्हणत नाहीत, कारण तो कागदावर नव्हता. दहा वाजता बाई आल्या. ओट्याच्या उजवीकडे खुर्ची घेऊन बसल्या, मांडीवर पाटी, पाटीवर कागद. काकांनी ती पाटी बघितली. एकतीस वर्षांत पाटी इकडून कशी दिसते ते त्यांनी पाहिलंच नव्हतं.

“एकच बदल,” बाई म्हणाल्या. “भात डावीकडे करा. भाजी उजवीकडे.”

पाच दिवसांचा सराव उलटा झाला. पण तक्रार कोणत्या तोंडाने करणार? कचेरीच्या फाटकाशी ऐन वेळी रस्ता बदलणारे ते स्वतःच होते. पाठ केलेल्या रस्त्यावर परीक्षा होत नसते, हे त्यांचंच वाक्य. त्यांनी मान हलवली. बाईंनी घड्याळ सुरू केलं आणि गप्प झाल्या.

लेक कुठे होती कोण जाणे. काकांनी उजवीकडे बघितलं, ती नव्हती. निदान आजच्या दिवशी तरी यायला हवं होतं, असं त्यांना वाटलं, आणि वाईटही वाटलं. पण वाईट वाटायला वेळ नव्हता.

तांदूळ धुतले. डावा बर्नर पेटवला, पातेलं चढवलं. आरशात ज्योत दिसली. बटाटे खिळ्यांना खोचले. पहिला सोलला, दुसरा सोलला. तिसरा खोचताना हाताला घाम होता. तो निसटला, डावीकडे घरंगळला आणि संपला. पडल्याचा आवाज आला, पण बटाटा जगात उरला नव्हता. काकांनी क्षणभर वाट बघितली, जणू तो स्वतःहून येईल. बाईंचं पेन कागदावर हललं. आता त्याला शोधत बसलो तर वेळ जाईल, या भीतीने त्यांनी दोनच बटाट्यांवर भागवलं. कढई चढवली, दांडा अडकवला, तेल, फोडी, मीठ. सव्वीस मिनिटं झाली.

आरसा बघितला. आरशात पांढरं होतं.

आधी त्यांना कळेना. मग कळलं. भाताची वाफ. सरावात भात उजवीकडे असायचा, वाफ उजवीकडून निघून खिडकीतून जायची. आज ती डावीकडून उठून सरळ येऊन काचेवर बसत होती. पुसावा, तर हात कढईत. कढई सोडून पुसला, तर दहा सेकंदांत पुन्हा पांढरा, आणि तेवढ्यात उजवीकडची भाजी लागली. करपल्याचा वास सुटला. त्यांनी घाईघाईने भाजी उतरवली, चहाचं आधण ठेवलं. दूध ड्रॉवरमध्ये, कमरेने दाबलं, कात्री. थोडं शर्टावर सांडलं. चौतीस. चहा उकळला. सदतीस. कप भरला. चाळीस. उजवा बर्नर बंद केला, खटका नीट वाजला, तो त्यांनी कानांनी ऐकला. आरसा पांढरा होता, आणि त्यांच्या मनात आता तिथे आरसा होता, वाफ होती, पण वाफ कशाची, हे कुठेतरी सुटून गेलं होतं. करपल्याचा वास येत होता. तो भाजीचा, हे त्यांनी स्वतःशी मान्य करून टाकलं.

ओट्यावर भाजी होती, चहा होता, समोर बाई होत्या आणि हातात पाच मिनिटं होती. घर वाचलं होतं. काकांनी श्वास घेतला आणि ‘झालं’ म्हणायला तोंड उघडलं.

तोंड उघडं राहिलं. एकतीस वर्षं रोज पंधरा-वीस वेळा विचारलेला प्रश्न जिभेवरून इतक्या सहज जाणार नव्हता. तो त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच चेहऱ्याने त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. आरसा पाहिलात. मान वळवलीत का?

नाही, साहेब.

काकांनी मान वळवली. शेगडीच्या मधोमध मेंदू म्हणाला, संपलं, इथे ओटा संपतो. ते थांबले. लाल पट्टी दिसली नव्हती. त्यांनी आणखी वळवली. मान दुखली, पाय डगमगला, उजव्या हाताने ओट्याची कड घट्ट धरली आणि तरीही वळवली. आणि जिथे काही नव्हतं तिथून एकेक करून सगळं आलं. आधी निळी ज्योत. मग पातेलं, त्यात तळाला धरलेला भात. मग लाल पट्टी. मग, पट्टीच्या पलीकडे, लेक.

ती स्टुलावरून उठून उभी होती. एका हाताने तिने स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं आणि दुसरा हात पाठीमागे होता. डोळे भरून वाहत होते. तिच्या पायाशी तिसरा बटाटा पडला होता.

काकांनी हात लांब केला, बर्नर बंद केला, खटका ऐकला. पुन्हा उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे, लाल पट्टीपर्यंत.

“झालं,” ते म्हणाले.

“त्रेचाळीस मिनिटं,” बाई म्हणाल्या. त्यांनी कागदावर बेरीज केली. “बटाटा गेला, भाजी लागली, दूध सांडलं, भात धरला. चार गेले. दहा राहिले. पास. पण रोज दोनदा कोणीतरी फोन करायचा, आणि दोन महिन्यांनी मी पुन्हा येणार.”

“हरकत आहे,” काका म्हणाले. “परीक्षेच्या खोलीत तिसरी व्यक्ती होती. माझा एक गुण कापा.”

“कापला तर नऊ होतील, काका.”

काकांनी जरा विचार केला आणि हरकत मागे घेतली. नोकरीत असताना त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

बाई गेल्यावर काका खुर्चीत बसले. मान वळवून त्यांनी लेकीकडे बघितलं, कारण आता ती कुठे आहे ते माहीत होतं. “तू तिथे कधीपासून होतीस?”

“सुरुवातीपासून.”

“आज?”

“तीन महिने झाले, बाबा. रोज इथेच बसते, या स्टुलावर.”

काकांनी मान तशीच वळवून स्टूल नीट बघून घेतलं. मग म्हणाले, “तोंड का दाबून धरलं होतंस?”

“‘गॅस’ म्हणून ओरडले असते तर परीक्षा रद्द. आणि तुम्ही तसंच ‘झालं’ म्हणाला असतात तर नापास. दोन्हीकडून तुम्ही माझ्याबरोबरच येणार होतात.”

“मग तुला बरंच होतं की.”

“हो,” ती म्हणाली. “मलाही तेच वाटलं होतं. पण तुम्ही मान वळवावी म्हणून मी तिथे नवस बोलत उभी होते. तुम्हाला इथेच राहायचंय ना.”

कशाने तरी विषय बदलावा म्हणून, सवयीने, जे तोंडात आलं ते काका बोलून गेले. “तूही त्या दिवशी मान वळवली असतीस, तर आज परवाना असता तुझ्याकडे.”

लेक हसली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच ती या वाक्यावर हसली. “बाबा, डावीकडे मान वळवली की कोण दिसायचं?”

“कोण?”

“तुम्ही. पाटी घेऊन. तो चेहरा करून. मला माहीत होतं वळवायची असते, तुम्हीच शिकवलं होतं. तुमच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.”

काका तिच्याकडे बघत राहिले. एकतीस वर्षांत डावीकडे न बघितलेली ती सगळी माणसं, गॅरेजवाला, सेक्रेटरी, तोंड पाडून फाटकाबाहेर जाणाऱ्या त्या रांगा, एकेक करून त्यांच्या मनात येऊ लागली. कोणालाच डावी बाजू ठाऊक नव्हती असं नाही. त्या बाजूला ते बसले होते.

“हे मला कोणी सांगितलं का नाही?” ते हळूच म्हणाले.

“सुचवलं तर परीक्षा रद्द,” लेक म्हणाली.

तिने दोन ताटं घेतली. धरलेला भात खरवडून काढला, दोन बटाट्यांची करपलेली भाजी वाढली. जेवायला ती स्टूल उचलून काकांच्या उजवीकडे आली, म्हणजे आता तरी त्यांना नीट दिसेल. रविवारची गाडी होती तिची. चार दिवस राहिले होते, आणि जिंकलेले काका भात नुसता चिवडत होते.

“तिथे नको,” ते म्हणाले. “डावीकडेच बस. मला सवय करायची आहे.”

तिने स्टूल पुन्हा उचललं. काकांनी ताटातला उजवीकडचा भात संपवला, थांबले, मान वळवली, लाल पट्टी नव्हती म्हणून लेकीच्या हातातल्या बांगडीपर्यंत वळवली, आणि मग स्वतःच्या हाताने ताट फिरवून घेतलं.